वीसची रेघ

पारोळा तालुक्यातल्या बोरखेड्यात भिकुबाईचं नाव कपाशीच्या लावणीसाठी घेतलं जायचं. शेतात आडवी दोरी ताणायची, तिला हातहात अंतरावर गाठी, आणि प्रत्येक गाठीशी वाकून सरकी लावायची. बाकीच्या बाया मधेमधे थांबून गाठ बघायच्या. भिकुबाई बघायची नाही, बोलत बोलत चालायची. गाठ आली की पाय आपोआप थांबायचा. तिच्या ओळीत ना जागा सुटायची, ना एका ठिकाणी दोनदा बी पडायचं.

अक्षर मात्र तिला एकही येत नव्हतं. तिचा नवरा अभिमन चौथी शिकलेला. घरात जे काही लिहिलेलं येई ते तो वाची, आणि भिकुबाई ऐकून लक्षात ठेवी. तीस-पस्तीस वर्षं हा संसार असाच चालला आणि त्यात कुणाला काही कमी वाटलं नाही.

मग अभिमनला साखरेचा आजार जडला. गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई सुरू केली. त्याच आजाराने डोळे अधू झाले. समोर माणूस उभा आहे एवढं कळे, कोण ते आवाजावरून ओळखावं लागे. मुलगा नवल आणि सून दिपमाला सुरतेला कारखान्यात कामाला. म्हणजे सुई द्यायची ती भिकुबाईनेच.

दवाखान्यात तिला शिकवलं तेव्हा अभिमनने सुई डोळ्याला चिकटवून पाहिली आणि सांगितलं, "ही दुसरी जाड रेघ शे ना, तठलोंग औषध भर. सकायले दुसरी, संध्याकायले पहिली." रेघ ओळखायला अक्षर लागत नाही. वर्षभर ती दुसऱ्या जाड रेघेपर्यंत औषध ओढत राहिली आणि सगळं ठीक चाललं होतं.

भादव्यातली गोष्ट. बाटली संपत आली होती. शेजारचा गिरधर तालुक्याला निघाला होता, त्याने येताना एका दुकानातून नवी बाटली आणली. तशीच इवलीशी काचेची, तसंच रबरी बूच. भिकुबाईने सकाळी दुसऱ्या जाड रेघेपर्यंत औषध भरलं, अभिमनच्या पोटाला सुई दिली, भाकरी वाढली. त्याने अर्धीच खाल्ली. ती मुगाच्या शेंगा तोडायला घरामागच्या तुकड्यात गेली.

परत आली तेव्हा अभिमन भिंतीला टेकून बसलेला. अंगातला सदरा पिळून काढावा इतका ओला. हात थरथरत होते आणि तो तिला कौतिक म्हणून हाक मारत होता. कौतिक त्याची थोरली बहीण. तिला जाऊन दहा वर्षं झाली होती.

"काय व्हयनं हो? मी शे, नवलनी माय," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती. मग मान एका बाजूला कलली आणि तो आडवा पडला.

भिकुबाईला ते तोंड अजूनही विसरता आलेलं नाही. ओठ हलत होते आणि त्यातून शब्द येत नव्हता. ती धावत गल्लीच्या टोकाला गेली. तिथे रत्ना राहायची, उपकेंद्रातली नर्स. रत्ना हातातलं काम टाकून आली, अभिमनला कुशीवर वळवलं, गुळाचं पाणी बोटाने त्याच्या गालात आतून चोळत राहिली आणि गिरधरला गाडी काढायला लावली. धुळ्याला जाताना गाडीतच तिने बाटली मागून घेतली. भिकुबाईने घाबरून ती पदरात बांधून आणली होती. रत्नाने बाटली फिरवून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"अक्का, ही बाटली वेगळी आहे. आपली चाळीसची असते. हिच्यावर शंभर लिहिलंय."

"म्हंजे काय?"

"म्हणजे औषध अडीचपट कडक. रेघ तीच, पण पोटात गेलं ते अडीचपट."

अभिमनचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसली आणि प्रत्येक श्वासानंतर पुढचा श्वास येतो की नाही याची वाट पाहत राहिली.

अभिमन वाचला. दोन दिवसांनी उठून बसला, चहा मागितला. डॉक्टरांनी भिकुबाईला बाजूला घेऊन नीट सांगितलं की बाटलीवर चाळीसचा आकडा असेल तरच ही सुई वापरायची, दुसरा कुठलाही आकडा दिसला तर थांबायचं. ती मान हलवत राहिली. आकडा दिसला तर. तिला आकडा दिसत नव्हता. तिला काळ्या मुंग्या दिसत होत्या.

नवल सुरतेहून आला. रागावला नाही. आईजवळ बसून हळू आवाजात म्हणाला, "माय, आते तू सुईले हात नको लावू." त्याने आईबापाला सुरतेला न्यायचं काढलं. अभिमन म्हणाला, "तठे बठ्ठी दारं सारखी. माले डोयाशी दिसत नही. मी कोनता दारमा जाऊ?" शेवटी रत्नाने आपणहून सांगितलं की सकाळ-संध्याकाळ ती येऊन सुई देईल. नवल परत गेला.

त्यानंतर भिकुबाईला जे भय लागलं ते नुसतं सुईचं राहिलं नाही. मिठाची पुडी उघडताना हात थांबायचा. हिच्यावरही काहीतरी लिहिलंय. हे मीठच कशावरून? चवीला जिभेवर ठेवायची, आणि ठेवल्यावर घाबरायची की मीठ नसलं तर आता काय. कपाशीच्या फवारणीचे डबे घराच्या ओसरीत होते, ते तिने गिरधरकडे नेऊन दिले. दिपमालाने सुरतेहून पाठवलेला खोकल्याच्या गोळ्यांचा डबा फेकून दिला. जे जे लिहिलेलं होतं ते ते तिला विषासारखं वाटू लागलं. घरभर अक्षरं होती आणि ती सगळी तिच्यापासून काहीतरी लपवत होती. अभिमन दुपारी झोपला की ती जवळ बसून राही. त्याच्या कपाळाला घाम आला की ती त्याला उठवून बसवी, मग बाहेर कितीही ऊन असो.

दिवाळी झाल्यावर रत्नाची बदली चोपड्याला झाल्याचं कळलं. महिनाभरात तिला जायचं होतं.

"शाळेच्या खोलीत हेमांगीचा प्रौढांचा वर्ग चालतो दुपारी," रत्ना म्हणाली. "तिथे जा. बाकी काही नाही आलं तरी चालेल, आकडे तेवढे शिकून घ्या."

"माले नही येवाव ते."

"मग मी गेल्यावर कोण देणार, अक्का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भिकुबाई शाळेत गेली.

हेमांगी गावातली सून, बी. ए. झालेली. स्वयंसेवक म्हणून वर्ग घ्यायची. दहा-बारा बाया आणि दोन म्हातारे यायचे. तिने भिकुबाईच्या हातात पाटी दिली. लहानपणी ती वर्षभर शाळेत गेली होती. तीन आणि सहा हे आकडे तिचे उलटसुलट व्हायचे. एकदा गुरुजींनी तिच्या गळ्यात पाटी अडकवून तिला ओट्यावर उभं केलं होतं. सगळी शाळा हसली. ती पुन्हा गेलीच नाही, आणि बापानेही पाठवलं नाही. पन्नाशी ओलांडल्यावर पाटीचा तोच थंड काठ बोटांना लागला आणि तिने पेन्सिल इतकी आवळली की ती मोडली.

हेमांगीने पाटी काढून घेतली. धुळ्याच्या प्रशिक्षणात तिने बहुविध बुद्धिमत्तेचा विचार ऐकला होता आणि तो तिला फार पटला होता. बुद्धी म्हणजे एकच माप नव्हे. कुणाची बुद्धी शब्दांत असते, कुणाची सुरांत, कुणाची हातापायांत, कुणाची चित्रात, कुणी माणसं वाचतं तर कुणी झाडंझुडपं. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याचं दार शोधायचं. भिकुबाई लग्नात गाणी म्हणते हे सगळ्या गावाला ठाऊक. हेमांगीला वाटलं, दार सापडलं. तिने आकड्यांचं गाणं रचलं, हळदीच्या गाण्याच्या चालीवर, आणि समोर भिंतीवर आकड्यांचा तक्ता लावला.

भिकुबाईला गाणं चार दिवसांत पाठ झालं. ती म्हणायची आणि बोट तक्त्यावरून पुढे सरकायचं. एकावर एक, सातावर सात. बाया कौतुकाने बघत. भिकुबाईलाही वाटलं की येतंय. घरी अभिमनला तिने सगळं गाणं म्हणून दाखवलं. हेमांगीने रत्नाला निरोप दिला, अक्का तयार झाल्या, येऊन बघा.

रत्ना वर्गात आली. येताना सुई नसलेली रिकामी पिचकारी आणि वाटीभर पाणी घेऊन आली. म्हणाली, "अक्का, वीसपर्यंत पाणी ओढा."

भिकुबाईने पिचकारी उजेडात धरली. त्यावरचे आकडे तक्त्यावरच्या आकड्यांसारखे नव्हते. इंग्रजी होते. ही गोष्ट आजवर हेमांगीच्याही ध्यानात आली नव्हती. भिकुबाईने गाणं पुटपुटायला सुरुवात केली. आपली दुसरी जाड रेघ म्हणजेच वीस, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गाणं एकेका आकड्याचं, पिचकारीवर मात्र एकेक बारीक रेघ दोन-दोनची. चालीबरोबर बोट सरकत गेलं, दट्ट्या मागे येत गेला, आणि गाणं वीसवर पोचलं तेव्हा पिचकारी पार भरली होती.

रत्नाने पिचकारी हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि हळूच पाणी परत वाटीत सोडलं.

"हे चाळीस आहे, अक्का."

भिकुबाईला वाटीतलं पाणी दिसत होतं. दुप्पट. तिला तो ओला सदरा दिसला, कौतिक म्हणून मारलेली हाक ऐकू आली. ती उठली, चपला न घालता घरी गेली.

त्या दिवशी हेमांगीचीही भाकरी गोड लागली नाही. आपण एका बाईला पाठांतर करायला लावलं आणि त्याला शिकणं समजलो, हे तिला कळलं होतं. रत्ना न तपासता निघून गेली असती तर काय झालं असतं, हा विचार रात्रभर तिच्या डोक्यातून जाईना. अक्कांना गाता येतं म्हणून त्यांना गाण्यातूनच शिकता येईल, हे तिचं तिनेच ठरवलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी ती भिकुबाईच्या घरी गेली. भिकुबाई चुलीपुढून उठलीच नाही.

"मी आते येत नही, ताई. माले भ्याव लागस. माना हातखाल मानूस मरी."

हेमांगी काही बोलणार तोच खाटेवरून अभिमन म्हणाला, "ताई, इले तुमी कानवाटे शिकाडं. इनं ध्यान कानमा नही शे. पायमा शे."

"पायात?"

"दोरीवर चालू द्या इले. आंधारमा बी गाठ चुकाव नही. मी चौथी शिकेल, पन माले ते जमनं नही कधी."

हेमांगी चुलीपाशी येऊन बसली. मग विचारलं, "अक्का, लावणीची दोरी घरात आहे?"

घरामागच्या अंगणात दोरी ताणली. दर पाचव्या गाठीला चिंधी बांधली, दर दहाव्या गाठीपुढे हेमांगीने जमिनीवर चुन्याने आकडा काढला, माणूस उभा राहील एवढा मोठा. या वेळी पिचकारीवर असतात तसे, इंग्रजी. भिकुबाई दोरीच्या टोकाशी उभी राहिली. हेमांगीने तिला आधी आकड्यांवरूनच चालायला लावलं. दोनच्या आकड्यावरून चालताना बगळ्याची मान पायाखालून वळत गेली आणि खाली बसकण आली. चार म्हणजे उलटी ठेवलेली खुर्ची. चुना तळव्यांना लागत होता. पाटीच्या काठासारखा तो थंड नव्हता.

"अक्का, वीस."

ती चालत गेली आणि दुसऱ्या मोठ्या आकड्यापाशी थांबली.

"आता मागे. दहा. आता पस्तीस. पंचवीस."

ती चुकली. पस्तीसला ती तीसवर थांबली. पण आता चूक दिसत होती. चिंधी पुढे होती आणि ती मागे. तिने स्वतःच एक चिंधी पुढे सरकून उभं राहून पाहिलं. खाटेवरून अभिमन तिच्या पावलांचा आवाज ऐकत होता. दुसऱ्या दिवसापासून आकडे तोच ओरडू लागला, उलटसुलट क्रमाने, मुद्दाम फसवायला. भांडणंही झाली त्यावरून.

मग दोरी आखूड केली. काठीवर खुणा केल्या, पायांच्या जागी बोट आलं. मग लाटणं. मग पिचकारी. रत्ना रोज वाटीभर पाण्याने परीक्षा घ्यायची आणि कधी कधी न सांगता शंभरची रिकामी बाटली पुढे ठेवायची. भिकुबाईने ती आकड्यावरून ओळखायची आणि बाजूला सारायची. एक काठी, दोन भाकरी, म्हणजे शंभर. नको. उलटी खुर्ची आणि एक भाकरी, म्हणजे आपली. सगळं बरोबर येत होतं, तरी रत्ना निघण्याचा दिवस जवळ येत गेला तशी भिकुबाईची झोप उडाली. पाणी ओढणं वेगळं. पाण्याने कुणी मरत नाही.

रत्ना गेली त्या दिवसानंतरची पहिली सकाळ. ठरलं होतं की दिपमाला सुरतेहून व्हिडिओवर बघेल आणि हो म्हटल्यावरच सुई द्यायची. भिकुबाईने फोन डब्याला टेकवून उभा केला. माठाजवळच्या गार वाळूतून बाटली काढली. आकडा पाहिला. हात पुसले, परत पाहिला. औषध ओढलं.

"दाखवा आई, जवळ धरा," दिपमाला म्हणाली, आणि तिचा चेहरा तिथेच थिजला. तोंड अर्धं उघडं. आवाज गेला. भिकुबाईने हाका मारल्या. फोन लावला तर लागेना. अंगणात जाऊन पाहिलं, तिथेही लागेना.

अभिमन सकाळपासून उपाशी होता. सुईशिवाय खाऊ घालता येत नव्हतं. गिरधर शेतावर गेलेला. तिला वाटलं, पळत जाऊन हेमांगीला आणावं. पण उद्या काय, परवा काय. ती अंगणात तशीच उभी राहिली. दोरी केव्हाच गुंडाळून ठेवली होती, चुना पुसला गेला होता. तिने डोळे मिटले आणि जिथे दोरी होती तिथून चालत गेली. वीसच्या जागी पाय थांबला, तिथे डोळे उघडून हातातल्या पिचकारीवरची रेघ पाहिली. औषध तिथेच होतं.

ती आत आली.

"किती?" अभिमनने विचारलं.

"वीस."

"बाटलीवर?"

"चाळीस."

"दे मंग."

अभिमनने अंदाजाने तिचं मनगट धरलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि सोडलं. तिने सुई दिली.

त्यानंतरची सकाळ तिच्या जन्मातली सगळ्यात लांब. त्याने भाकरी खाल्ली ती तिने घासाघासाला पाहिली. मग ती समोर बसून राहिली. दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावायची.

"तुमनं नाव सांगा."

"अभिमन."

"पोऱ्यानं नाव?"

"नवल. तू माले कितींदा इचारशी?"

"सांगा हो."

ऊन ओसरीवर आलं तेव्हा त्याला डुलकी लागली. मान एका बाजूला कलली. तिने त्याला गदागदा हलवलं. तो दचकून उठला आणि तिच्यावर असा खेकसला की शेजारची बाई डोकावून गेली. ते खेकसणं ऐकून भिकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ओळखत होता. पुढे फोन लागला तेव्हा दिपमाला रडत होती. तिने कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली होती.

भिकुबाई अजून त्या वर्गात जाते. मार्चमध्ये गावच्या शाळेत प्रौढांची परीक्षा झाली. आकड्यांत ती छान पास झाली, अक्षरांत काठावर. जोडाक्षर आलं की ती अजूनही अडते. हेमांगीने गाण्याचा तक्ता काढून टाकलेला नाही, गिरधरच्या आईला तो उपयोगी पडला. पण नवीन कुणी आलं की ती आधी त्यांच्या घरी जाते, घरच्या माणसांना विचारते, हे काय करताना चुकत नाहीत. आणि शिकवून झालं की क्रम मोडून तपासते. धुळ्याच्या पुढच्या प्रशिक्षणात पाण्याने पिचकारी पार भरली होती तो प्रसंग तिने सगळ्यांसमोर सांगितला.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी अभिमनची साखर बरी आहे असं सांगितलं आणि विचारलं, सुई कोण देतं.

"मी," भिकुबाई म्हणाली. हात तिने पदराखाली धरले होते.

"आता भीती वाटत नाही ना?"

"लागस," ती म्हणाली. "रोज लागस."

डॉक्टर हसले नाहीत. असू द्या, म्हणाले.

संध्याकाळी दोघं घरी परतली. अभिमन खाटेवर टेकला. चुलीवर खिचडी शिजत होती, आणि ती शिजायच्या आत भिकुबाईला उठायचं होतं. संध्याकाळची सुई दहाच्या रेघेची. तिने हात धुतले. बाटली उजेडाकडे धरून तिने आकडा मोठ्याने वाचला.